पिकअप चालू होत नाहीये? दुसऱ्यांदा किल्ली फिरवायच्या आधी हे वाचा

गाडी चालू झाली नाही की आपण सगळे एकच करतो, किल्ली परत फिरवतो. मग परत, मग शिव्या देत अजून एकदा, आणि पाचव्या वेळेपर्यंत जी बॅटरी नुसती थोडी उतरलेली होती ती पार बसते, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) तापतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्यांदा नक्की कसला आवाज आला होता तेच आपल्याला आठवत नाही. तो पहिला आवाज म्हणजे अर्धं निदान असतं. मेकॅनिकला फोन केला तरी तो पहिल्यांदा हेच विचारतो, "आवाज काय येतोय?"

मी माझ्या पहिल्या पिकअपच्या वेळी हा शहाणपणा केला नव्हता. टक असा एकच आवाज यायचा, तर मी आधी नवीन बॅटरी घातली, मग सेल्फ खोलून दुरुस्त करून घेतला, तरी गाडी टक करून गप्प. शेवटी निघालं काय तर इंजिन आणि चेसिसच्या (खालच्या सांगाड्याच्या) मधली अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी, चिखलाने खाऊन खाऊन दोन-चार तारांवर लटकत होती. खर्च बॅटरीचा, सेल्फचा, आणि दोष एका पट्टीचा. म्हणून हा लेख पार्ट बदलण्याबद्दल नाहीये, आधी ऐकण्या-बघण्याबद्दल आहे. नवीन पिकअपवाल्यांनी क्रमाने वाचा, घाईत असाल तर तुमच्या आवाजाचा भाग शोधा.

आधी दोन मिनिटं थांबा

हँडब्रेक ओढा. गिअर न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पी ला. हौद्यात माल भरलेला असेल आणि जागा जरा जरी उताराची असेल तर चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावाच, कारण भरलेली पिकअप एकदा सरकायला लागली की कोणाच्या बापाला थांबत नाही. मग एसी, फॅन, टेप, हेडलाइट, चार्जरला लावलेले मोबाईल, हौद्यावर लावलेला जादा फोकस असं जे जे करंट खातं ते सगळं बंद करा.

आता इग्निशन ऑन करून फक्त बघा. डॅशबोर्डचे दिवे येतात का? नेहमीसारखे उजळ की मंद? इंजिनचा दिवा आला का? आणि किल्लीच्या चित्राचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतोय का? ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा इंजिन बंद असताना लागणं नॉर्मल आहे, त्याने घाबरू नका.

किल्लीच फिरत नसेल तर ते वेगळंच, बहुतेक वेळा स्टिअरिंग लॉक अडकलेलं असतं. स्टिअरिंग दोन्हीकडे हलवत हलवत हलक्या हाताने किल्ली फिरवा, जोर लावून किल्ली मोडू नका. बटण स्टार्टवाली गाडी असेल आणि ती रिमोट सापडत नाही म्हणत असेल तर रिमोटचा सेल संपलाय. बहुतेक गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून धरला, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवला, की गाडी चालू होते.

आता एकदाच किल्ली फिरवा, आणि ऐका

जमलं तर कोणाला तरी बाहेर बॉनेटपाशी उभं करा. एकदाच, तीन-चार सेकंद. साधारण हे ऐकू येऊ शकतं.

काहीच नाही, डॅशबोर्डपण मेलेला: बॅटरी पार उतरली, टर्मिनल सुटलं किंवा मेन फ्यूज उडाला.

काहीच नाही पण डॅशबोर्ड मस्त उजळ: करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये. क्लच स्विच, न्यूट्रल स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, इमोबिलायझर (किल्ली ओळखली नाही तर गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) यातलं काहीतरी.

कटकटकटकट असा भराभर आवाज: बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल सैल. सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) खेचला जातो, करंट खेचला की व्होल्टेज पडतं, तो सुटतो, व्होल्टेज परत येतं, परत खेचला जातो, म्हणून ती कटकट.

एकच जोरदार टक, पुढे शांतता: सेल्फ, किंवा सेल्फला जाणारी जाड वायर, किंवा अर्थिंग. माझा आवाज हाच होता.

घुर्रर्र... घुर्रर्र... असा दमलेला: बॅटरी किंवा कनेक्शन, क्वचित सेल्फ.

झूंऽऽ असा मोकळा आवाज, इंजिन फिरतच नाही: सेल्फची मोटर फिरतेय पण तिचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या चाकाच्या) दात्यांत बसत नाहीये. बेंडिक्स म्हणतात मेकॅनिक लोक त्याला. हे रस्त्यावर होणारं काम नाही.

सेल्फ छान फिरवतोय पण इंजिन पकडत नाही: सेल्फ आणि बॅटरी विसरा. इंधन, स्पार्क, हवा किंवा इमोबिलायझर.

पकडतं आणि एक-दोन सेकंदांत बंद: काही गाड्यांत इमोबिलायझर असंच करतो, नाहीतर इंधन पुढे येत नाहीये.

बस, एवढं ठरलं की पुढचं अर्धं काम संपलं, कारण आता अर्ध्या गाडीकडे तुम्हाला बघायचंच नाहीये.

अजून एक फुकटची टेस्ट. हेडलाइट लावा, गाडी भिंतीकडे तोंड करून असेल तर उत्तम, आणि सेल्फ मारा. दिवे एकदम विझत आले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे जसेच्या तसे राहिले आणि काहीच झालं नाही तर करंट सेल्फपर्यंत पोचलाच नाही. दिवे बरेच मंद झाले, टक झालं, पण फिरलं नाही तर सेल्फ जाम आहे किंवा इंजिनच फिरत नाहीये.

बॅटरी: आकडा बघा, अंदाज नको

एक साधा डिजिटल मल्टीमीटर गाडीत ठेवा, खरंच, स्टेपनीइतकाच गरजेचा आहे. डीसी व्होल्टवर ठेवून लाल वायर प्लसला, काळी मायनसला. गाडी काही तास उभी असेल तर १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. लोक इथे फसतात, बारा व्होल्टची बॅटरी आहे आणि मीटर बारा दाखवतोय म्हणजे ठीक की... नाही, बारा म्हणजे उतरलेली.

खरी परीक्षा सेल्फ मारताना. मीटर लावलेला ठेवा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी एकतर उतरलेली आहे नाहीतर आतून गेलीये. उभी असताना १२.६ दाखवणारी बॅटरीसुद्धा सेल्फ मारताच ७-८ वर येऊ शकते, ती चार्ज करून काही होत नाही, ती बदलायचीच.

थंडीत हा सगळा खेळ अजून अवघड होतो, शून्याखाली १८ अंशांना बॅटरीची ताकद साधारण निम्मी राहते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. आणि काही मोठ्या डिझेल पिकअपना दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. त्यातली एक आतून गेली की ती दुसरीलाही खाली ओढते, म्हणून दोन्ही सोडवून वेगवेगळ्या तपासा, जोडलेल्या ठेवून मोजलं तर दोन्हींचा आकडा एकच दिसणार.

टर्मिनल आणि अर्थिंग, इथे जरा वेळ घालवा

माझ्या मते चालू न होणाऱ्या पिकअपमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी जागा हीच. टर्मिनल हाताने पिळून बघा, जराही हललं तर सैल आहे. पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर साफ करा. आधी मायनस सोडवा, मग प्लस, आणि लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. हा क्रम का, तर मायनस जोडलेला असताना प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला की सरळ शॉर्ट, पाना लालभडक होतो आणि हात भाजतो. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतायचं, फसफसून थर निघतो, मग वायर ब्रशने टर्मिनलची आतली बाजू आणि बॅटरीचा खांब दोन्ही चकचकीत करायचे. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. हातमोजे आणि चष्मा घाला, आत सल्फ्युरिक ॲसिड आहे, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो त्यामुळे विडी-सिगारेट लांब.

आता अर्थिंग. कारमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो, पण बहुतेक पिकअपमध्ये चेसिस वेगळी, त्यावर केबिन वेगळी, हौदा वेगळा, आणि मध्ये रबरचे बुश. रबरातून करंट जात नाही, म्हणून बॅटरी, इंजिन, चेसिस, केबिन यांना जोडायला वेगवेगळ्या अर्थ वायरी किंवा विणलेल्या पट्ट्या असतात. त्या खाली असतात, चिखल-पाणी तिथेच उडतं, आणि गंज बोल्टच्या खाली लपलेला असतो, वरून वायर एकदम नवी दिसते.

मल्टीमीटर बीपवर ठेवून टोकाला टोक लावून "वायर चांगली आहे" म्हणणारे बरेच भेटतील. वायरच्या पन्नास तारांतली एक शिल्लक असली तरी मीटर बीप करतो! पण सेल्फला लागतो १००-२०० अँपिअर, डिझेलला त्याहूनही जास्त, आणि २०० अँपिअरला नुसता ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा २ व्होल्ट खाऊन टाकतो. म्हणून तपासायचं ते लोड असताना. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, खांबावरच, आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ च्या आत आकडा असेल तर अर्थिंग चांगलं, ०.५ च्या वर गेला तर चोर सापडला. तसंच प्लसच्या बाजूनेही करता येतं, बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत, पण तिथे हात घालताना फॅन बेल्टपासून जपून.

मीटर नाहीये? मग जंपर केबलची एक वायर घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या एखाद्या जाड उघड्या बोल्टला किंवा लोखंडी ब्रॅकेटला, आणि सेल्फ मारा. गाडी झटक्यात चालू झाली तर अर्थिंगच गेलंय. मला हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर...

जंप स्टार्ट करायचा असेल तर

दुसरी गाडी १२ व्होल्टची आहे ना ते आधी बघा. अनेक मोठ्या ट्रकांची सिस्टीम २४ व्होल्टची असते, तिथून सरळ जोडलंत तर तुमच्या पिकअपचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकतो. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. बॅटरी फुगलेली, फुटलेली, गळणारी किंवा थंडीने गोठलेली असेल तर जंप करायचाच नाही.

क्रम असा: लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते आणि ती बॅटरीच्या वायूजवळ पडू नये, एवढंच कारण. चांगली गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. सोडवताना बरोब्बर उलट क्रम. आणि स्वस्तातल्या बारीक केबल डिझेलला पुरत नाहीत, हाताला गरम लागल्या की समजा करंट केबलमध्येच जळतोय.

चालू झाल्यावर लगेच बंद करू नका. आणि दहा मिनिटं रेस करून बॅटरी भरते हा गैरसमज आहे, पार उतरलेली बॅटरी भरायला तासन् तास लागतात, चार्जर लावणंच बरं.

धक्का स्टार्ट

फक्त मॅन्युअल गिअरवाल्यांसाठी, ऑटोमॅटिकमध्ये होत नाही. इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, जरा वेग आला की क्लच पटकन सोडून परत दाबायचा. पहिला गिअर नको, झटका जास्त बसतो. डोक्यात ठेवा की इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड आणि ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगड, म्हणून भरलेली पिकअप उतारावरून सोडून चालू करायचा पराक्रम नको. ढकलणारी माणसं मागून, आणि मागच्या चाकासमोर कोणी नाही. बॅटरी एकदमच मेलेली असेल तर आताच्या गाड्यांत धक्का मारूनही उपयोग नाही, ईसीएम आणि फ्युएल पंपालाच करंट नसतो.

डॅशबोर्ड उजळ पण सेल्फ गप्प

इथे आधी लाजिरवाण्या गोष्टी बघा, कारण बहुतेक वेळा तेच निघतं. क्लच पूर्ण दाबला जातोय का? पायाखालचं मॅट सरकून पेडलखाली अडकलं की क्लच शेवटचा इंचभर जात नाही आणि स्विच लागत नाही. ऑटोमॅटिकमध्ये पी मध्ये होत नसेल तर एन मध्ये ब्रेक दाबून करून बघा, एन मध्ये झालं तर न्यूट्रल स्विच किंवा गिअरची केबल. लुकलुकणारा किल्लीचा दिवा म्हणजे इमोबिलायझरने किल्ली ओळखली नाही, दुसरी किल्ली वापरा, आणि एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चिपवाल्या किल्ल्या असतील तर वेगळ्या करून बघा.

मग फ्यूजबॉक्स. झाकणाच्या आतल्या चित्रावर स्टार्टरचा फ्यूज आणि रिले शोधा. रिले तपासायची सोपी युक्ती म्हणजे तशाच नंबरची, उदाहरणार्थ हॉर्नची, रिले काढून तिथे लावायची. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला, तार गुंडाळून घालणाऱ्यांच्या गाड्या जळताना दिसतात.

एकच टक असेल आणि बॅटरी-अर्थिंग दोन्ही चांगलं निघालं तर सेल्फ. एखाद्या लाकडी मुठीने सेल्फच्या बॉडीवर हलकेच ठोकत असताना दुसऱ्याने किल्ली फिरवायची, झिजलेले कार्बन ब्रश जरा हलतात आणि कधीकधी एक स्टार्ट मिळतो. हातोडा घालू नका, बऱ्याच आताच्या सेल्फमध्ये चुंबक चिकटवलेले असतात, ते तडकतात. आणि हा जुगाड घरी पोचायला आहे, महिनाभर चालवायला नाही. ठोकताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि तुम्ही बेल्टपासून लांब.

सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर एक बिघाड शोधता शोधता दुसरा कराल.

इंधन आहे का हो? हसू नका, टाकीतला फ्लोट खराब असला की काटा पाव टाकी दाखवतो आणि टाकी कोरडी असते, उतारावर उभी गाडी तर अजून फसवते. पाच लिटर टाकून बघणं सगळ्यात स्वस्त.

पेट्रोल असेल तर इग्निशन ऑन केल्यावर टाकीच्या बाजूने दोन सेकंद बारीक गुंईऽऽ ऐकू यायला हवं, तो पंप. नाही आलं तर पंपाचा फ्यूज-रिले बघा. काही मॉडेलमध्ये जोरात आदळल्यावर पंप बंद करणारा स्विच असतो, तो दाबून रिसेट होतो, जागा मॅन्युअलमध्ये मिळेल. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन फ्लड झालंय, ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारा, इंजेक्शनवाल्या गाड्यांत तसं केलं की ईसीएम पेट्रोल बंद ठेवतो आणि जादाचं बाहेर पडतं. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघून घ्या, उभ्या गाडीत हे होतंच. पेट्रोलचं एवढं पुरे, बाकी स्पार्क-कॉइल घरी उचकटण्यात अर्थ नाही.

डिझेल जरा वेगळं. तिथे स्पार्कच नाही, हवा इतकी दाबली जाते की तापून ५०० अंशांच्या वर जाते आणि त्यात डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरलं नाही तर उष्णताच तयार होत नाही. त्यामुळे डिझेलमध्ये "फिरतंय पण जरा हळू" म्हणजे परत बॅटरीकडे जा, डिझेल सिस्टीम उघडू नका.

वेग चांगला असेल तर हीटर म्हणजे ग्लो प्लग. डॅशवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ. गार सकाळी दोन-तीनदा इग्निशन ऑन-ऑफ करून गरम होऊ द्या. ग्लो प्लग तपासायला त्याची वायर काढून मीटर ओहमवर ठेवा, टोक आणि इंजिन यांच्यात साधारण एक-दोन ओहम किंवा कमी दाखवलं पाहिजे, ओपन दाखवलं तर तो जळला. चारपैकी एक गेला तर गाडी कुरकुरत का होईना चालू होते, दोन-तीन गेले की सकाळी हट्ट.

मग हवा धरणं. डिझेल संपून गाडी बंद पडली होती, किंवा नुकताच फिल्टर बदललाय आणि आता चालू होत नाही, तर लाइनमध्ये हवा आहे. फिल्टरच्या डोक्यावर किंवा पाइपमध्ये हाताने दाबायचा पंप असतो, तो कडक लागेपर्यंत दाबत राहा, तीस-चाळीस वेळा पण लागेल. एअर काढायचा स्क्रू असेल तर तो जरा सैल करून बुडबुडे संपून सरळ डिझेल यायला लागलं की आवळा. कडक झालेला पंप रात्रीतून परत मऊ पडत असेल तर कुठेतरी पाइपातून हवा शिरतेय, क्लिप आणि फिल्टरची रबर सील बघा. फिल्टरखालच्या नळीतून पाणीपण काढा, काचेच्या बाटलीत धरलं की पाणी तळाला दिसतं. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो, तेव्हा कितीही पंप मारा, आधी फिल्टर गरम व्हायला हवा, गाडी आडोशाला घ्या. जाळ करू नका खाली, प्लीज.

एक गोष्ट मात्र हात जोडून. कॉमन रेल डिझेलचे (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं) पंपापासून इंजेक्टरपर्यंतचे लोखंडी पाइप सैल करून "डिझेल येतंय का" बघायचं नाही. जुन्या गाड्यांत करायचे, हो. आता तिथे चालू गाडीत १५०० बारच्या वर प्रेशर असतं आणि ती बारीक धार कातडीतून आत शिरते. टोचल्यासारखं वाटतं आणि हात कापायची वेळ येऊ शकते. तसंच ग्लो प्लगवाल्या डिझेलमध्ये हवेच्या पाइपातून ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही, तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन किंवा रिंगा जातात.

एवढं करून नाही झालं तर स्कॅनर (ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, त्याच्याशिवाय ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे हं, कुठे शोधायचं त्याचा पत्ता, सेन्सरची तुटलेली वायरपण तोच कोड देते. गरम झाल्यावरच बंद पडते आणि गार झाल्यावर गुमान चालू होते, असं असेल तर क्रँक सेन्सरवर पहिला संशय.

या तीन प्रसंगी सेल्फला हातच लावायचा नाही

पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर उघडा, ओला दिसला तर सरळ टो.

चुकीचं इंधन पडलं असेल तर. इग्निशन ऑनसुद्धा नको, पंप सुरू होऊन सगळीकडे पसरतं. टाकी रिकामी करून घ्या.

आणि चालत्या गाडीत फट् होऊन बंद पडली आणि आता सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसारखं भिरभिर फिरतंय, त्यात तो घुक-घुक ठेकाच नाही, तर टायमिंग बेल्ट तुटलाय. अजून फिरवलंत तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतील.

चालू झाली, पण उद्या सकाळी?

चालू गाडीत बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा जनरेटर) भरतोय. १२.५ वरच अडकला असेल तर भरत नाहीये, आणि तुम्ही आता बॅटरीत उरलंय तेवढ्यावर चालताय. बेल्ट ढिला किंवा तुटलाय का बघा आधी. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळेल.

चार्जिंग ठीक आहे आणि तरी दोन दिवस उभी राहिली की उतरते, मग काहीतरी गुपचूप करंट पितंय. पिकअपमध्ये याचे चोर ठरलेले: बाहेरून बसवलेला जीपीएस, टेपचा ॲम्प्लिफायर, ट्रेलरच्या सॉकेटची गंजलेली वायर, आणि हौद्यातला दिवा, जो माल झाकलेला असल्यामुळे कोणाला दिसतच नाही. पाच वॉटचा एक बल्ब साधारण ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास, ६० ची बॅटरी आठवड्याच्या आत पार.

मोजायचं असेल तर सगळं बंद करा, मायनस सोडवा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून खांब आणि वायरच्या मध्ये जोडा. सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळेल. सुरुवातीला आकडा जास्त दिसेल, गाडीतले कंट्रोलर झोपायला अर्धा तास लागू शकतो, चहा घेऊन या. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर नॉर्मल. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धप्पकन पडला त्या लाइनमध्ये चोर. केबिनमधला फ्यूजबॉक्स गाठायला दार उघडं ठेवावं लागतं आणि उघड्या दाराने आतला दिवा लागून आकडा बिघडतो, तर स्क्रूड्रायव्हरने दाराचा लॅच हाताने बंद करून ठेवा, गाडीला वाटतं दार लावलंय. फक्त काम झाल्यावर दार ओढायच्या आधी हँडल खेचून तो लॅच परत उघडा, मी विसरलो होतो एकदा, आणि मग बॅटरीऐवजी दार दुरुस्त करत बसलो.